शनिवारचा सहाचा तास

आमच्याकडे देश सोडायचे विचार ऑक्टोबरच्या शेवटी येतात. जूनमध्ये आलेला असा विचार मी आजवर पाहिलेला नाही. जूनमध्ये माणूस तळ्याकाठी बसून डास मारत असतो आणि जगात याहून चांगली जागा नाही असं त्याचं ठाम मत असतं. मग घड्याळं एक तास मागे जातात, दुपारचं जेवून जरा आडवं व्हावं तर उठेपर्यंत अंधार झालेला असतो, आणि आमच्या ताम्पेरे या फिनिश शहरातला निम्मा पेन्शनर वर्ग टीव्हीवर आपल्या गावच्या आधी स्पेनचं हवामान बघायला लागतो.

आमच्या घरात ते मार्युत बघते. मार्युत म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती दुकानासमोरच्या बर्फावर घसरली. मनगट मोडलं, ते जुळलं, डॉक्टर खूश झाले. पण तेव्हापासून पहिला बर्फ पडला की ती बाहेर पडेनाशी झाली. कचरा टाकायला खाली जायचं तरी बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवायचे, एका हाताने माझा दंड धरायचा आणि दुसऱ्याने भिंत. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. या बाबतीत ती फार त्रासदायक बाई आहे. तक्रार केली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिची धाकटी बहीण इर्मेली स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर कायमची राहायला गेली आहे. दर रविवारी बाल्कनीत बसून व्हिडिओ कॉल करते, आणि फोन असा धरते की तिचा चेहरा पाव दिसावा आणि समुद्र पाऊण.

"काय म्हणतंय गं ताम्पेरे?" त्या रविवारी तिने विचारलं.

"अंधार," मार्युत म्हणाली.

"मी बघ, बिनबाह्यांचं घालून बसलेय." आम्ही बघितलं. न बघण्याची सोय नव्हती. "ऐक, आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय. जिने नाहीत, बर्फ नाही, खाली उतरलं की समुद्र. मालकाला सांगून ठेवू का?"

फोन ठेवल्यावर मार्युतने मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बघू," मी म्हणालो. "तुला?"

"बघू."

आमचा चाळीस वर्षांचा संसार या एका शब्दावर सुरळीत चालत आलेला आहे. घर घेताना आम्ही 'बघू' म्हणालो होतो, मुलगी झाली तेव्हाही बहुधा तेच म्हणालो असू. तेव्हा इथपर्यंत काळजीचं काही नव्हतं. काळजीचं जे झालं ते पुढच्या शनिवारी सकाळी, सोसायटीच्या अंगणसफाईला.

वर्षातून दोनदा आमची सोसायटी अंगणात जमते, पानं गोळा करते, आणि मग सॉसेज भाजून खाते. येणं ऐच्छिक असतं. कोण आलं नाही हे फक्त सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या शेजारी पानं गोळा करायचा पंजा ओढत होता तिसऱ्या मजल्यावरचा उस्मो विहुरी. उस्मो विधुर, पूर्वी क्रेन चालवायचा. माणसांपासून उंचावर एकट्याने बसायची सवय त्याला त्या नोकरीनेच लागली असावी. तीस वर्षांच्या शेजारात आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल, आणि पत्त्यालाही जागा उरेल. पण त्या दिवशी ऊन नव्हतं, पानं ओली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा स्पेनचा विचार चाललाय."

आता ही चूक किती मोठी होती हे सांगायला हवं. आम्हा लोकांत माणूस विचार करत असतो तोपर्यंत गप्प असतो. लग्नाचा असो, घटस्फोटाचा असो, नवीन होडीचा असो. बोलला, म्हणजे ठरलं. अर्धा कच्चा विचार मोठ्याने बोलून दाखवायचा ही दक्षिणेकडच्या लोकांची चैन आहे. म्हणजे मी अजून तिकडे गेलोही नव्हतो आणि त्यांच्यासारखा वागायला लागलो होतो.

"अस्सं," उस्मो म्हणाला. पंजा दोनदा ओढला. झाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि शनिवार?"

आमच्या इमारतीच्या तळघरात एक सौना, म्हणजे वाफेची न्हाणी आहे. लाकडी बाकं, तापलेले दगड, त्यांवर पाणी टाकून वाफ काढायला बादली, पळी. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास ठरवून दिलेला असतो. नवीन बिऱ्हाडाला सोमवारी दुपारचा मिळतो, तेव्हा दगड धड तापलेलेही नसतात. तिथून माणूस वर्षानुवर्षं पुढे सरकत सरकत, कोणी घर सोडलं किंवा जग सोडलं की, मंगळवार, गुरुवार असं करत चढतो. या सगळ्याच्या शेंड्यावर आहे शनिवार, सहा ते सात. तो माझा होता. त्या तासाच्या माझ्या आधीच्या मालकाच्या अंत्यविधीला आख्खी सोसायटी आली होती, आणि तिथे काळ्या कपड्यांत उभ्या असलेल्यांपैकी कोण दुःखात आहे आणि कोण रांगेत, हे मला चांगलं माहीत होतं. मी दोन्हींत होतो.

उस्मोकडे बुधवारचा रात्री नऊचा तास होता. शनिवारच्या रांगेत तो पहिला.

"शनिवारचं काय ते बघू," मी म्हणालो. पण त्याने सॉसेज माझ्या आधी घेतला नाही, मला पुढे होऊ दिलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सोमवारी जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: 'शनिवार सहा ते सात हा तास जानेवारीपासून रिकामा होण्याची शक्यता आहे. इच्छुकांनी अध्यक्षांना कळवावे.' स्वतःच्या मरणाची बातमी पेपरात वाचणाऱ्या माणसाला काय वाटत असेल ते मला कळलं. फरक एवढाच, की त्या बातमीत निदान दोन शब्द चांगले लिहिलेले असतात.

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. हिल्काबाई शाळेत व्यायाम शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून समोरच्या माणसाकडे त्या तो उंच उडीत कितपत टिकेल अशाच नजरेने बघतात.

"बस टाउनो. कॉफी घे. वेलदोड्याचे पाव आत्ताच काढलेत."

"हिल्काबाई, ती नोटीस—"

"गरम आहेत तोवर खा."

मी खाल्ला. गरम वेलदोड्याचा पाव तोंडात असताना माणसाला बाणेदार राहता येत नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. गिळून झाल्यावर म्हणालो, "आमचं अजून काही ठरलेलं नाही."

"मग तसं लेखी दे. मी बोर्डावर लावते: 'रेकोला कुटुंब कुठेही जात नाही.' आणि आधीचा कागद काढते."

"पण आम्ही जात नाही असंही ठरलेलं नाही."

"टाउनो, बोर्डावर एक तर जाताय लागेल, नाही तर जात नाही लागेल. विचारात आहेत असा कागद मी कुठल्या नियमाखाली लावू?"

पेच बघा. बोर्डावर 'जात नाही' लागलं असतं, तर ते खाली येता-जाता मार्युतने वाचलं असतं. हवामान बघताना तिचा चेहरा कसा होतो हे मी बघत आलो होतो. तिला असं कागदावरून कळवायचं? त्यापेक्षा 'शक्यता आहे' बरं. मी आणखी एक पाव खाल्ला, हिल्काबाईंचे आभार मानले आणि घरी आलो. आभार कशाचे, ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

मार्युत स्वयंपाकघरात होती. "खाली बोर्डावर वाचलं," ती म्हणाली. "आपण जातोय म्हणे."

"म्हणे."

"जानेवारीपासून?"

"तसं लिहिलंय खरं."

तिने बटाटा सोलून पातेल्यात टाकला. "तुला काय वाटतं?"

"बघू," मी म्हणालो. "तुला?"

"बघू," ती म्हणाली, पण या वेळी जरा उशिरा.

त्यानंतर उस्मोचा स्वभाव बदलला. नोटीस लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तो दारात उभा. हातात संत्र्यांची जाळी. "स्पेनची आहेत," म्हणाला आणि गेला. मग त्याने ग्रंथालयातून आमच्यासाठी स्पॅनिश शिकायचं पुस्तक आणलं. मग मोठी सूटकेस दिली, चाकं नवीन बसवून. "वापरा. मला कुठे जायचंय?" लिफ्टमध्ये भेटला की तो आता हवेबद्दल बोलायचा, आणि आमची हवा कशी दिवसेंदिवस बिघडत चाललीये यावर भर द्यायचा. "सांध्यांना वाईट," मार्युतकडे बघून म्हणायचा. मी माणसांचं जमा-खर्चाचं खातं मनात ठेवणारा आहे. तीस वर्षांत उस्मोच्या खात्यावर जमा या बाजूला काहीच नव्हतं, आणि आता पंधरवड्यात पान भरलं. तेही अशा सरळ चेहऱ्याने, की त्याला स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटेना. संत्री गोड होती.

उलट पहिल्या मजल्यावरच्या सिर्काने मला टपालपेट्यांपाशी अडवलं. सिर्का दोन वर्षं स्पेनला राहून परत आलेली, त्यामुळे स्पेन या विषयावर सोसायटीत तिचा शब्द शेवटचा.

"टाउनो, वेडा आहेस का? तिथे घराला हीटर नसतो धड. फरशी बर्फासारखी. जानेवारीत मी घरात कोट घालून जेवायचे."

"बाहेर?"

"बाहेर ऊन असतं," ती म्हणाली, जणू हा आणखी एक दोष. "आणि माणसं बोलतात रे. दुकानात, रस्त्यात, बसस्टॉपवर. ओळख ना पाळख, सुरू. मी दमून जायचे."

"मग परत का आलीस?"

"दमले म्हणून." मग तिने पेटी बंद केली आणि विचारलं, "शनिवार उस्मोला जाणार ना? मग त्याचा बुधवार सुटेल." सिर्काकडे सोमवार दुपार होती. म्हणजे मी राहावं असं मनापासून सांगणारी एकुलती एक बाईसुद्धा मी गेलो तर एक पायरी चढणार होती. तरी तिने खरं तेच सांगितलं, म्हणून तिच्या नावावर मी थोडं अधिक जमा केलं.

घरचं काही पुढे सरकेना, तेव्हा मला वाटलं, निदान सरकारी बाजू तरी साफ करून घ्यावी. मी पेन्शनच्या कचेरीत गेलो, मशीनमधून नंबर घेतला, माझा नंबर यायला एवढा वेळ लागला की समोरच्या भिंतीवरचं हृदयाच्या आरोग्याचं पोस्टर मला पाठ झालं. खिडकीमागे एक तरुण बाई होती. शांत, नेमकी, जराही न हसणारी.

"स्थलांतर कायमचं की तात्पुरतं?"

"ते ठरवण्यासाठीच माहिती हवी आहे."

"माहिती दोन्हींची वेगवेगळी आहे. कायमचं असेल तर इथले उपचार, पेन्शनवरचा कर, सगळं बदलतं. तात्पुरतं असेल तर बरंचसं तसंच राहतं."

"दोन्हीची द्या."

"आधी तुम्ही कुठल्या प्रकारात बसता ते मला इथे भरावं लागतं. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"आम्ही अजून कुठल्याच प्रकारात बसत नाही. विचारात आहोत."

तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर असा रकाना नव्हता. "ते इथे ठरत नाही," ती म्हणाली.

"मग कुठे ठरतं?"

"घरी." आणि मग, माझी दया आली म्हणून की रांग लांब होती म्हणून, आवाज उतरवून तिने विचारलं, "बायकोशी बोललात का?"

"बोलतो ना. रोज."

"काय म्हणतात त्या?"

मी पुन्हा ते पोस्टर वाचायला लागलो. एवढ्या लहान मुलीला काय सांगायचं. तिने पुढचा नंबर दाबला.

अखेर तोडगा काढला तो हिल्काबाईंनी. "महिनाभर जाऊन या," त्या म्हणाल्या. "जानेवारी. मी बोर्डावर 'तात्पुरतं' लिहिते. 'तात्पुरतं'ला नियम आहे." आणि कागद लागला: 'रेकोला यांचा शनिवारचा तास त्यांच्या अनुपस्थितीत तात्पुरता श्री. उस्मो विहुरी यांच्याकडे.' निघायच्या दिवशी उस्मो सूटकेस घेऊन टॅक्सीपर्यंत आला. तिला नवीन चाकं त्यानेच बसवली होती, तरी उचलून आणली. मी तळघराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने आतल्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

स्पेनचं काय सांगू. सिर्काने सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. फरशी गार होती, घरात मी कोट घालून जेवलो, आणि पहिल्याच सकाळी पाववाल्याने मला काहीतरी लांबलचक विचारून माझं उत्तरही स्वतःच दिलं. पण इर्मेलीच्या गल्लीत दारांवरची निम्मी नावं आमच्याकडचीच. राईचा पाव मिळतो, मंगळवारी नाच असतो, आणि फिनिश क्लबात सौना आहे. मी मोठ्या आशेने विचारायला गेलो. क्लबाचे सेक्रेटरी मूळचे आमच्या उत्तरेकडच्या औलूचे. त्यांनी तक्ता उघडला.

"शनिवार सहा?" मी सहज म्हणून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईचं घर मागितलं होतं. "नवीन लोकांना सोमवारी दुपारी दोन."

तर सोमवारी दुपारी दोन वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, मी एकटा त्या कोमट खोलीत बसलो. एवढं आयुष्य चढून मी शनिवारी पोचलो होतो. इथे पुन्हा पहिली पायरी. आणि या वयात रांगेत पुढे सरकायचं म्हणजे कोणाकोणाला आधी जावं लागेल याचा हिशोब करणं, ते काही बरं नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की या रांगेत माझ्या पुढचे सगळे माझ्यापेक्षा तरुण, तांबूस आणि ठणठणीत होते.

आणि मार्युत चालत होती.

सकाळी समुद्राच्या बाजूच्या रस्त्याने ती निघायची. इर्मेलीबरोबर, माझ्याबरोबर, कोणी नसेल तर एकटी. साधे कापडी बूट. पहिल्या दिवशी मी सवयीने माझा दंड पुढे केला, आणि ती दिसेना. ती पुढे होती. हात खिशात घालून, भिंतीकडे न बघता, तिच्या जुन्या चालीने चालली होती. ती चाल मी विसरून गेलो होतो. मी तो वाकवलेला दंड तसाच घेऊन बरंच अंतर चाललो, एखाद्या वेटरसारखा. एका स्पॅनिश आजीबाईंनी हसून त्यावर हात ठेवला, दोन पावलं चालल्या, आणि काहीतरी बोलून निघून गेल्या. इथे माणसं खरंच बोलतात.

महिना संपला. विमानात मार्युतने विचारलं, "तुला काय वाटतं?" मी खिडकीबाहेर ढग बघितले आणि म्हणालो, "बघू." तिने हात लांब करून खिडकीची झडप खाली ओढली.

शनिवारी पावणेसहाला दाराची बेल वाजली. खांद्यावर टॉवेल टाकून उस्मो उभा. त्याने किल्ली पुढे केली.

"तुम्ही आलात," तो म्हणाला. "तात्पुरतं होतं. दगड तापवून ठेवलेत."

न मागता. इतकी वर्षं वाट बघून महिनाभरासाठी मिळालेली गोष्ट तो दारात उभा राहून परत देत होता. मी हात पुढे केला. तेवढ्यात मागे खट्‌खट्‌ आवाज झाला. मार्युत दालनातल्या स्टुलावर बसून बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवत होती. शेजारी कचऱ्याची छोटी पिशवी, त्यात बटाट्याच्या साली.

"दे, मी टाकतो," मी म्हणालो.

"नको. मला जमलं पाहिजे." ती उभी राहिली आणि तिने भिंत धरली. घरात बर्फ नव्हता. तरी धरली.

मी हात मागे घेतला. "ठेव तुझ्याकडेच," मी उस्मोला म्हणालो.

"पुढच्या शनिवारपर्यंत?"

"नाही. कायमचा घे."

उस्मोने किल्ली तळहातावर उलटीसुलटी केली. "पक्कं?"

"पक्कं."

"काय दिलंस?" मार्युतने मागून विचारलं.

"शनिवार."

आमच्या दालनात इतकी शांतता मी यापूर्वी ऐकली नव्हती, आणि शांततेच्या बाबतीत आमचं दालन काही साधंसुधं नाही.

"मला न विचारता?" ती म्हणाली. "तो तास माझाही होता, टाउनो."

"परत मागू?"

उस्मोची मूठ किल्लीवर मिटली.

"मागू नकोस. पण विचारायचं. तीन महिने मी तुला विचारतेय, तुला काय वाटतं, काय वाटतं, आणि तू सांगतोस कोणाला, तर दारातल्या माणसाला."

"तू पण 'बघू'च म्हणायचीस."

"तू म्हणायचास म्हणून मी म्हणायचे. मला वाटलं तुला इथून हलायचं नाही, आणि मी तुला फरफटत नेतेय."

"थोडं फरफटत न्यावं लागेल," मी कबूल केलं.

"त्याची सवय आहे मला," ती म्हणाली, स्टुलावर बसली, आणि एक पट्टा काढला. दुसरा काढायला मी वाकलो. तो जरा घट्ट होता, त्यामुळे मला बराच वेळ वर बघावं लागलं नाही.

उस्मोने घसा साफ केला. "मी जाऊ का? दगड थंड होतील."

"दोघं जा," मार्युत म्हणाली. "मला इर्मेलीला फोन करायचाय, मध्ये तुझं तोंड नको. आणि हा कचरा घेऊन जा."

आम्ही कचरा टाकला आणि तळघरात गेलो. वरच्या बाकावर बसलो, मी माझ्या जागेवर, तो कडेला.

"उन्हाळ्यात येणार ना?" उस्मोने विचारलं.

"जून ते ऑगस्ट."

त्याने त्यावर नीट विचार केला. "मग तेवढे शनिवार तू घे. मी उन्हाळ्यात तळ्यावर असतो. तिथे माझा सौना आहे."

मनातल्या मनात मी या देणगीचं मोल केलं. त्याचं यात काहीच जात नव्हतं. तरीही ती देणगीच होती. मी मान हलवली.

माझा हात सवयीने पळीकडे गेला. ती त्याने आधीच उचलली होती. भरून दगडांवर धरली, आणि थांबला. इथे ज्याचा तास त्याने पाणी टाकायचं, आणि पाहुणा असला तर आधी त्याला विचारायचं. शनिवारी सहा ते सात हा प्रश्न या खोलीत आजवर मीच विचारत आलो होतो.

"टाकू का?" उस्मो म्हणाला.

उत्तर द्यायची माझी ही पहिलीच वेळ. मी जरा सरकून बसलो, त्याला मधली जागा केली, आणि म्हणालो, "टाक."